रडारांच्या जाळ्यातून आयनांबराचा अभ्यास: नकाशातले मोजलेले किती आणि भरलेले किती?

लघुलहरी (धागाकर्ते)

नमस्कार. मी हौशी रेडिओचालक आहे, त्यामुळे आयनांबराशी, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराशी, माझा रोजचा संबंध येतो. पण तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी असावा तसा आहे, चाहूल लागते, माणूस दिसत नाही. कोणता वारंवारतेचा पट्टा केव्हा उघडतो आणि केव्हा मिटतो हे अनुभवाने कळते, वर नेमके काय चालले आहे ते कळत नाही. १० आणि ११ मे २०२४ रोजी झालेल्या मोठ्या भूचुंबकीय वादळाविषयी वाचत असताना सुपरडार्न या रडार जाळ्याचे नकाशे प्रथमच पाहण्यात आले. मधोमध ध्रुव, त्याभोवती अक्षांशांची वर्तुळे आणि त्यांवर दोन बाजूंना पसरलेले दोन भोवरे असे त्या नकाशांचे रूप असते. असा नकाशा दर दोन मिनिटांनी नव्याने तयार होतो हे वाचून मी थक्क झालो.

पुढे जितके वाचले तितका गोंधळ वाढला. ही रडार ८ ते २० मेगाहर्ट्झ या टापूत चालतात, म्हणजे आम्ही ज्या लहरींवर बोलतो त्याच लहरी ती वापरतात. आमच्या समजुतीप्रमाणे या लहरी आयनांबरात वाकतात आणि दूर कुठेतरी जमिनीवर उतरतात. मग त्या पाठवणाऱ्याकडेच परत कशा येतात? दुसरे असे की डॉप्लर पद्धतीने, म्हणजे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतील फरकावरून, वेग मोजणाऱ्या रडारला एखादी गोष्ट आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे एवढेच समजते. आडव्या दिशेची गती त्याला दिसत नाही. असे असताना नकाशावर चहूबाजूंना वळणारे बाण येतात कुठून? आणि तिसरी शंका अशी की आयनांबराची घनता, तापमान, वेग असे सर्व काही मोजणारी महाकाय रडार जगात आहेत, तर मग या तुलनेने किरकोळ शक्तीच्या रडारांचे जाळे विणण्याचा खटाटोप कशासाठी?

---

किरणमापक

या जाळ्याच्या विदेवर (डेटावर) मी काही वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या दोन शंकांबद्दल सविस्तर लिहितो. तिसरीचे उत्तर इथे माझ्यापेक्षा चांगले देऊ शकतील असे सदस्य आहेत.

आयनांबर हा गुळगुळीत आरसा आहे, हे चित्र तुमच्या कामापुरते पुरेसे आहे, पण खरे नाही. तिथल्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे विद्युतभारित वायूमध्ये, घनतेचे उंचवटे आणि खळगे सतत तयार होत असतात. इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांच्या दिशेने सहज धावतात आणि त्यांना आडवे जाताना अडखळतात, त्यामुळे हे उंचवटे बलरेषांच्या दिशेने लांबच लांब ताणले जातात आणि आडव्या दिशेने मात्र काही मीटर ते काही किलोमीटर एवढेच राहतात. शेतातल्या सऱ्या-वरंब्यांसारखी ही रचना असते असे समजा. रडारची लहर या वरंब्यांवर काटकोनात आदळली आणि दोन वरंब्यांतील अंतर तिच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मे असले, तर एकेका वरंब्यावरून परतणारे क्षीण अंश एकाच लयीत जुळतात आणि ओळखता येण्याजोगा प्रतिध्वनी रडारकडे परत येतो. १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मीटर, म्हणून रडारला दिसतात ते १५ मीटर अंतराचे वरंबे. बाकीची बहुतेक ऊर्जा तुम्ही म्हणता तशी पुढे निघून जाते.

यातली 'काटकोनात' ही अट फार महत्त्वाची आहे आणि शॉर्टवेव्ह निवडण्याचे कारणही तेच आहे. ध्रुवीय प्रदेशात चुंबकीय बलरेषा जवळजवळ उभ्या असतात. त्यांना काटकोनात भेटायचे तर लहर त्या उंचीवर जवळजवळ आडवी धावायला हवी. जमिनीवरून तिरपी निघालेली, सरळ रेषेत जाणारी अतिउच्च वारंवारतेची लहर साधारण ११० किमी उंचीच्या ई थरापाशी ही अट कशीबशी पूर्ण करते. पण त्यावरच्या, २५० ते ३०० किमी उंचीच्या एफ थरात तिला ते जमत नाही. शॉर्टवेव्ह लहर मात्र वर जाता जाता अपवर्तनाने वाकते आणि कुठेतरी आडवी होतेच. ज्या वाकण्यामुळे तुमचे संभाषण दूरदेशी पोहोचते, त्याच वाकण्यावर हे रडार उभे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियामध्ये अतिउच्च वारंवारतेच्या दोन रडारांची जोडी याच कामाला लावली होती आणि तिला ई थराची मर्यादा होती. त्या कामात असलेल्या रेमंड ग्रीनवाल्ड यांच्या पुढाकाराने कॅनडातील लॅब्रॅडॉरमधल्या गूस बे येथे १९८३ मध्ये शॉर्टवेव्ह रडार सुरू झाले, आणि आजच्या जाळ्याचा आरंभ तिथून धरला जातो.

आता वेगाकडे येऊ. एफ थराच्या उंचीवर टकरी इतक्या विरळ असतात की तिथला प्लाझ्मा विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र या दोहोंना काटकोनात वाहतो आणि त्याचा वेग विद्युत क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र एवढा असतो. ध्रुवीय भागात चुंबकीय क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला धरले आणि विद्युत क्षेत्र दर मीटरला २५ मिलिव्होल्ट धरले, तर वेग येतो सेकंदाला ५०० मीटर. वरंबेही या प्रवाहाबरोबर वाहतात, म्हणून प्रतिध्वनीची वारंवारता बदलते. १० मेगाहर्ट्झला हा फरक भरतो फक्त ३३ हर्ट्झ. एक कोटी हर्ट्झमधला तेहतीस हर्ट्झचा फरक पकडायचा आणि त्यावरून ३०० किमी उंचीवरील विद्युत क्षेत्र सांगायचे, असा हा व्यवहार आहे. थोडक्यात, हे रडार म्हणजे दूरवरून वाचता येणारा व्होल्टमीटर आहे.

तुमची दुसरी शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. एका रडारला वेगाचा फक्त आपल्या दिशेचा घटक दिसतो. एकाच प्रदेशाकडे दोन वेगवेगळ्या दिशांनी पाहणारी दोन रडार असली, तर दोन घटकांवरून पूर्ण सदिश काढता येतो. सुपरडार्न या नावातला 'डी' हे अक्षर 'दुहेरी' या अर्थाचे आहे ते यामुळेच. फिनलंडमधील हांकासाल्मी आणि आइसलंडमधील रडार अशीच एकमेकांच्या क्षेत्रावर किरण टाकतात. दक्षिणेत टास्मानियाजवळचे ब्रूनी बेट आणि न्यूझीलंड यांची तशीच जोडी आहे. पण प्रत्यक्षात एकाच क्षणी, एकाच चौकोनात दोन्ही रडारांना प्रतिध्वनी मिळणे हा योग वारंवार येत नाही. वरंबे नसतील तर प्रतिध्वनी नाही. लहर नको तिथे वाकली तरी नाही.

म्हणून नकाशासाठी दुसरा मार्ग घेतात. ध्रुवीय प्रदेशावरील विद्युत विभव हे एका सलग गणिती पृष्ठभागाने दाखवता येते असे मानून, सर्व रडारांचे एकदिश वेग जास्तीत जास्त जुळतील असा पृष्ठभाग शोधला जातो. विभवाच्या समान रेषा हेच प्लाझ्माचे प्रवाहमार्ग असल्यामुळे त्यातून तुम्ही पाहिलेले दोन भोवरे उमटतात: सूर्याकडून ध्रुवावरून रात्रीच्या बाजूला जाणारा प्रवाह आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून दोन्ही अंगांनी परत सूर्याकडे येणारा प्रवाह. या अभिसरणाचे मूळ सौरवाऱ्याचे (सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोताचे) आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांत जुळण्यात आहे, हे जेम्स डंगी यांनी १९६१ मध्येच मांडले होते.

अडचण पुढे आहे. जिथे एकही प्रतिध्वनी नाही तिथे तो गणिती पृष्ठभाग मोकाट सुटू नये म्हणून त्याला एका सांख्यिकीय प्रतिमानाचा टेकू देतात. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किमीवर असलेल्या उपग्रहांनी मोजलेल्या सौरवाऱ्यावरून, अशा परिस्थितीत आजवर सरासरीने कसा प्रवाह दिसला आहे ते घेतात आणि रिकाम्या जागा त्याने भरतात. यात लबाडी काही नाही. पद्धत जाहीर आहे आणि १९९८ पासून रुळलेली आहे. पण छापील नकाशात मोजलेला भाग आणि भरलेला भाग यांच्या रेषा सारख्याच ठसठशीत असतात, आणि माझ्या मते हा या नकाशांचा सर्वात मोठा दोष आहे. बाणांच्या मुळाशी असलेले ठिपके पाहा. ठिपके आहेत तिथे रडारने काहीतरी मोजले आहे. जिथे नुसत्या रेषा आहेत तिथे तुम्ही जुन्या सरासऱ्या पाहत आहात. ज्या वादळाचे नकाशे तुम्ही पाहिले, तशा वादळात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा विषुववृत्ताच्या दिशेने सरकून जुन्या रडारांच्या मागे जातो, आणि शिवाय खालच्या थरातील शोषणामुळे लहरी वरपर्यंत पोहोचतच नाहीत. मध्यम अक्षांशांवर रडार उभारण्याची सुरुवात २००५ मध्ये अमेरिकेतील वॉलॉप्स बेटापासून झाली, ती मुख्यतः यासाठीच.

---

लघुलहरी

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सऱ्या-वरंब्यांमुळे बरेच स्पष्ट झाले. मात्र कागदावर हिशेब मांडल्यावर एक गाठ सुटेना, ती इथे मांडतो.

या रडारांचा पल्ला ३,००० किमीच्या पुढे आहे असे वाचले. तेवढे अंतर जाऊन परत यायला लहरीला २० मिलिसेकंद लागतात. कोणता प्रतिध्वनी कोणत्या स्पंदाचा (पल्सचा) हा घोळ टाळायचा तर दोन स्पंदांमध्ये किमान २० मिलिसेकंद अंतर हवे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५० स्पंद. मग डॉप्लर फरक २५ हर्ट्झपर्यंतच निःसंदिग्धपणे मोजता येईल, आणि १० मेगाहर्ट्झला त्याचा अर्थ सेकंदाला ३७५ मीटर. पण आपण वर ५०० मीटरचे उदाहरण दिले आहे आणि वादळात वेग हजाराच्या वर जातो असे मी इतरत्र वाचले आहे. मग हे रडार तो मोजते कसे?

---

किरणमापक

हिशेब बिनचूक आहे. समान अंतराने स्पंद सोडले तर या कोंडीतून सुटका नाही, म्हणून ते असमान अंतराने सोडतात.

बराच काळ वापरात असलेला सात स्पंदांचा एक क्रम असा आहे: ०, ९, १२, २०, २२, २६, २७. हे आकडे २.४ मिलिसेकंदांच्या पटीत घ्यायचे, म्हणजे पूर्ण क्रम सुमारे ६५ मिलिसेकंदांत संपतो. आता यातील कोणत्याही दोन आकड्यांची वजाबाकी करा. एकवीस जोड्या होतात आणि एकवीसही उत्तरे वेगवेगळी येतात. एखाद्या ठरावीक अंतरावरून आलेल्या प्रतिध्वनींमध्ये २.४ मिलिसेकंदांनंतर, ४.८ नंतर, ७.२ नंतर किती साम्य उरते हे या जोड्यांवरून काढता येते. गणिताच्या भाषेत त्याला स्वयंसहसंबंध म्हणतात. सर्वात लहान फरक २.४ मिलिसेकंदांचा असल्यामुळे वेगाची मर्यादा ३७५ वरून थेट सेकंदाला सुमारे ३,१०० मीटरपर्यंत जाते.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या स्पंदाचा दूरचा प्रतिध्वनी आणि दुसऱ्या स्पंदाचा जवळचा प्रतिध्वनी एकाच क्षणी ग्राहकावर (रिसीव्हरवर) येऊन आदळतात आणि तो गोंधळ मुळात टळत नाही. फक्त या दोन प्रतिध्वनींचा परस्परांशी संबंध नसल्यामुळे, तोच क्रम अनेकदा सोडून सरासरी घेतली की त्यांचा गोंगाट विरत जातो आणि हवा तो संकेत उरतो. तसेच स्पंद सोडला जात असताना ग्राहक बंद ठेवावा लागतो, त्यामुळे काही अंतरांसाठी काही जोड्या निकामी होतात आणि त्या टाकून द्याव्या लागतात. एकेका दिशेला साधारण तीन ते सात सेकंद असे मोजत, सोळा दिशा फिरून झाल्या की एक ते दोन मिनिटे होतात. तुमच्या नकाशाचे दोन मिनिटांचे अंतर तिथून आले आहे. प्रत्येक स्पंद ३०० मायक्रोसेकंदांचा, म्हणून अंतराचा एकेक कप्पा ४५ किमी लांबीचा. १८० किमीपासून पुढे असे ७५ कप्पे मांडले की साडेतीन हजार किमीपर्यंत पोहोचतो.

---

तबकडी

तिसऱ्या शंकेबद्दल लिहितो. माझा ओढा मोठ्या रडारांकडे आहे हे आधीच कबूल करतो.

किरणमापक यांनी वर्णन केलेले रडार वरंब्यांच्या भरवशावर चालते. वरंबे नसले की ते आंधळे. महाकाय रडारांची रीत निराळी आहे; ती सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या लहरी टिपतात, आणि इलेक्ट्रॉन तर वर सदैव असतातच. पण हा संकेत किती क्षीण असतो ते पाहा. रडारच्या दृष्टीने एका इलेक्ट्रॉनचे क्षेत्रफळ चौरस मीटरचा एक भागिले १० चा २८ वा घात एवढे असते. दुपारी एफ थरात दर घनमीटरला सुमारे १० चा १२ वा घात इतके इलेक्ट्रॉन असतात आणि रडारचा किरण एका वेळी दहा घन किलोमीटर जागा उजळतो असे धरले, तर त्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचे मिळून क्षेत्रफळ होते सुमारे एक चौरस मिलिमीटर. तीनशे किलोमीटरवरचा मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका पाहायचा, त्यासाठी मेगावॅटची शक्ती आणि प्रचंड मोठी अँटेना लागणारच. पेरूमधील हिकामार्का येथे १८,४३२ द्विध्रुव अँटेना जमिनीवर अंथरल्या आहेत. पोर्तो रिकोतील अरेसिबोची तबकडी ३०५ मीटर व्यासाची होती, तिच्यावर टांगलेला मंच १ डिसेंबर २०२० रोजी कोसळून ती उद्ध्वस्त झाली.

विल्यम गॉर्डन यांनी १९५८ मध्ये ही कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी बऱ्याच लहान सामग्रीवर तिचा पडताळा घेतला. गंमत अशी की परत आलेल्या संकेताचा वर्णपट (वारंवारतांचा पसारा) गॉर्डन यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच अरुंद निघाला, कारण इलेक्ट्रॉन जरी लहरी विखुरत असले तरी त्यांच्या हालचालीवर जड आयनांचे नियंत्रण असते. यातून दोन लाभ झाले. संकेत अरुंद पट्ट्यात एकवटल्यामुळे मोजणे सोपे झाले, आणि वर्णपटाच्या आकारात आयनांचे तापमान, इलेक्ट्रॉनांचे तापमान, घनता आणि वेग अशी सर्वच माहिती दडलेली सापडली. ही माहिती उंचीगणिक मिळते. सुपरडार्न यातले फक्त वेग देते, आणि तोही नेमक्या कोणत्या उंचीवरचा हे बऱ्याचदा अंदाजाने ठरवते.

मग जाळे कशाला? कारण माझे रडार एका वेळी आकाशाचा एक अरुंद स्तंभ पाहते. वादळात ध्रुवाच्या पलीकडे काय घडते आहे, याचा त्याला पत्ता नसतो. सुपरडार्नच्या एका रडारची शक्ती साधारण दहा किलोवॅट असते, म्हणजे मेगावॅटच्या तुलनेत शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे विद्यापीठे आणि संशोधन संस्था आपापल्या खर्चाने एकेक रडार चालवू शकतात, आणि म्हणूनच अनेक देश मिळून तीसहून अधिक रडार उभी राहिली. एकाला खोली आहे, दुसऱ्याला विस्तार आहे. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे आइस्कॅटचे मोठे रडार १९८१ मध्ये सुरू झाले, आणि हांकासाल्मी व आइसलंड यांची क्षेत्रे नेमकी त्याच्या डोक्यावर एकमेकांना छेदतात, ती तुलना करता यावी म्हणूनच.

अशा तुलनांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, ती किरणमापक यांनी सांगितली नाही, म्हणून मी सांगतो: शॉर्टवेव्ह रडारचे वेग थोडे कमी येतात.

---

किरणमापक

ते मान्य आहे, आणि त्याचे कारणही आता ठाऊक आहे. डॉप्लर फरकावरून वेग काढताना आपण प्रकाशाचा निर्वातातील वेग वापरतो. पण प्रतिध्वनी जिथून येतो तिथे प्लाझ्मा आहे आणि त्याचा अपवर्तनांक एकापेक्षा कमी आहे. प्लाझ्माची स्वतःची वारंवारता ५ मेगाहर्ट्झ आणि रडारची १० असेल, तर अपवर्तनांक ०.८७ च्या आसपास येतो, म्हणजे वेग सुमारे १३ टक्क्यांनी कमी मोजला जातो. घनता ठाऊक असेल तर ही चूक दुरुस्त करता येते. घनता सांगणार कोण, तर पुन्हा मोठे रडार किंवा आयनांबराच्या उंचीचा वेध घेणारे आयनोसोंड. त्यामुळे आपले भांडण फार टिकणारे नाही.

---

वातलहर

चर्चा ध्रुवावरच्या प्रवाहाभोवतीच फिरते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडावीशी वाटली. या रडारांना जे प्रतिध्वनी नको असतात, त्यांच्यातच माझ्या कामाचे सोने असते.

पहिला नकोसा प्रतिध्वनी उल्कांचा. रेतीच्या कणाएवढ्या उल्का ८० ते ११० किमी उंचीवर जळतात आणि आयनित वायूची रेघ मागे ठेवतात. ती रेघ तिथल्या वाऱ्याबरोबर वाहते आणि काही क्षणांत विरते. रडारच्या अगदी जवळच्या कप्प्यांमध्ये अशा क्षणिक प्रतिध्वनींची रिमझिम दिवसरात्र चालू असते. प्लाझ्माचा अभ्यास करणारा तो भाग पुसून टाकतो. मी तो जपून ठेवतो, कारण इतक्या उंचीवर बलून पोहोचत नाही, इतक्या खाली उपग्रह टिकत नाही, आणि रॉकेट गेले तरी काही मिनिटांत खाली येते. खास उल्कांसाठी बांधलेली रडार एकेका रेघेची उंची नेमकी सांगतात, ती सोय इथे नाही, कारण ४५ किमीच्या कप्प्यात उंची धूसर होते. तरीही एकाच अक्षांशाच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती अनेक रडार असल्यामुळे, संपूर्ण गोलार्धाला वळसा घालणाऱ्या वातलहरी त्यात दिसतात, त्या एका जागच्या यंत्राला दिसणे शक्य नाही.

दुसरा नकोसा प्रतिध्वनी जमिनीचा. लघुलहरी यांनी सुरुवातीला म्हटले होते की लहर दूर जाऊन जमिनीवर उतरते. ती उतरते, तिथल्या खडबडीत पृष्ठभागावरून किंवा समुद्रावरून थोडी विखुरते, आणि आलेल्या वाटेने आयनांबरात वाकून रडारकडे परतते. या प्रतिध्वनीचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि वर्णपट अरुंद असतो. ते ओळखण्याचे नियम आहेत, पण ते कच्चे आहेत. मी शिकत असताना संध्याकाळच्या एका मोठ्या पट्ट्याला 'मंद प्रवाहाचा प्रदेश' असे नाव देऊन त्यावर आठवडाभर तक्ते काढले होते; सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेग, सुबक, स्थिर. आठवड्याअखेरीस लक्षात आले की मी समुद्र मोजतो आहे.

त्याच प्रतिध्वनीकडे नीट पाहिले तर तो श्वास घेताना दिसतो. खालच्या वातावरणातून वर चढलेल्या गुरुत्वलहरी, म्हणजे हवेच्या वर-खाली हेलकाव्यांच्या लहरी, आयनांबराला हलवतात, त्यामुळे रडारची लहर कधी जवळ तर कधी दूर जमिनीवर केंद्रित होते, आणि अंतर-वेळ आलेखावर तिरप्या पट्ट्यांची नक्षी उमटते. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ मोजला की गुरुत्वलहरीचा आवर्तकाल मिळतो, वेगवेगळ्या दिशांतील उशीर मोजला की तिचा रोख मिळतो.

या सर्वांतले माझे सर्वात आवडते उदाहरण १५ जानेवारी २०२२ चे आहे. त्या दिवशी टोंगामधील समुद्राखालच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि हवेच्या दाबाची लाट पृथ्वीभर पसरली. ती लाट जपानला पोहोचायला अवकाश होता, तरी होक्काइडो येथील सुपरडार्नच्या जोडीला जपानवरच्या आयनांबरातील प्लाझ्मा सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने हेलकावे खाताना दिसला, आणि उपग्रहांच्या दिशादर्शक संकेतांतून मोजलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येतही तेच पट्टे दिसले. ज्या चुंबकीय बलरेषा जपानवर उतरतात, त्यांची दुसरी टोके दक्षिण गोलार्धात ऑस्ट्रेलियाच्या बाजूला उतरतात. तिथे अजून ऊन होते. स्फोटाच्या लहरींनी तिथल्या ई थरातील वायू हलवला, त्यातून विद्युत क्षेत्र निर्माण झाले, आणि ते बलरेषांवरून क्षणार्धात उत्तरेला पोहोचले. हवेतली लाट आवाजाच्या वेगाच्या आसपास चालत होती. तिचा निरोप विजेच्या वाटेने पुढे गेला. केवळ नकाशा पाहून बसलो असतो तर हे दिसलेच नसते, कारण ही घटना ध्रुवाच्या भोवऱ्यांची नव्हती.

---

लघुलहरी

एका प्रश्नाची इतकी उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सांगितल्याप्रमाणे तोच नकाशा पुन्हा उघडून फक्त ठिपके पाहिले. एका भोवऱ्याच्या जवळजवळ संपूर्ण अर्ध्या भागात एकही ठिपका नव्हता, आणि मी पहिल्यांदा तोच भाग पाहून भारावलो होतो. सात आकड्यांच्या वजाबाक्याही केल्या. १ ते १५ पर्यंतचे सर्व फरक मिळतात, १६ मात्र मिळत नाही.

आता शेवटचे विचारतो. माझ्यासारख्याला स्वतःच्या नोंदी आणि या रडारांच्या नोंदी शेजारी ठेवून काही पाहता येईल का?

---

किरणमापक

येईल. नकाशापासून सुरुवात करू नका. एका रडारची एक दिशा घ्या आणि तिचा दिवसभराचा अंतर-वेळ आलेख काढा. त्यासाठी पायडार्न ही पायथॉनमधील मोफत लायब्ररी आहे. जमिनीचे प्रतिध्वनी राखाडी रंगात दाखवण्याची सोय वापरा, म्हणजे वातलहर यांनी समुद्र मोजला तसे होणार नाही.

आणि दिवस निवडायचा तर ६ सप्टेंबर २०१७ निवडा. जागतिक वेळेनुसार दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी त्या दिवशीच्या एक्स ९.३ दर्जाच्या सौरज्वालेने कळस गाठला. क्ष-किरणांनी ६० ते ९० किमी उंचीवरचा डी थर एकाएकी इतका दाट केला की लहरींची ऊर्जा तिथल्या टकरींतच विरून गेली. ज्या रडारांवर त्या वेळी ऊन होते, त्यांचे जमिनीचे प्रतिध्वनी काही मिनिटांत नाहीसे झाले. अशा वेळी प्रतिध्वनी मावळण्याच्या अगदी आधी एक क्षणिक डॉप्लर झटका दिसतो, कारण लहरीची वाट पाहता पाहता बदलत असते. कमी वारंवारतेच्या लहरी आधी जातात आणि उशिरा परत येतात, हे तुम्हाला तुमच्या पट्ट्यांवरही ताडून पाहता येईल. त्या दिवशीची नोंदवही असेल तर काढा.

---

लघुलहरी

नोंदवही काढली. आम्ही वेळ जागतिक वेळेनुसारच लिहितो, त्यामुळे जुळवणी सोपी झाली. १२:०५ ची नोंद माझ्या हस्ताक्षरात अशी आहे: 'पट्टा अचानक मेला. अँटेनाची केबल तपासणे.'

---

किरणमापक

उत्तम. पट्टा परत केव्हा उघडला, तेही लिहिले आहे का? कोणत्या वारंवारतेला किती वेळ लागला हे रडारच्या आलेखाशी ताडता येईल.

---

लघुलहरी

वेळ लिहिलेली नाही. खाली एवढेच आहे: 'छतावर जाऊन जोडणी सोडून पुन्हा घट्ट केली. दोष दूर झाला.'